सिग्नल येऊन गेल्यावर प्रोग्राम परत कुठे येतो?

उस्मानपुऱ्यातलं १९६० सालचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय घ्या, सिडकोतलं जेएनईसी घ्या, की विद्यापीठाच्या आवारातला संगणकशास्त्राचा विभाग घ्या. छत्रपती संभाजीनगरातल्या अशा कुठल्याही प्रयोगशाळेत वर्षातून एकदा तरी पेनड्राइव्हवर लिनक्स उतरवायचं आणि ते एकेका यंत्रावर चढवायचं काम निघतंच. उतरवण्यासाठी बरेच जण अजूनही ‘डीडी’ हा जुना प्रोग्राम वापरतात. डीडी स्वभावाने घुमा आहे. आज्ञा देऊन एंटर मारला की तो तोंड मिटून बसतो. फाइल चार जीबीची, पोर्ट जुनं, पेनड्राइव्ह त्याहून जुना. किती झालं, किती राहिलं, काही पत्ता लागत नाही.

जाणती पोरं अशा वेळी दुसरं टर्मिनल उघडतात, डीडीचा प्रोसेस क्रमांक शोधतात आणि ‘किल’ या आज्ञेने त्याला यूएसआर-वन नावाचा सिग्नल पाठवतात. डीडी सुडो लावून चालवलेला असतो, म्हणून किललाही सुडो लावावं लागतं. किलचं नाव भयंकर असलं तरी ती फक्त निरोप पोचवते. मारायचं की नाही, हे निरोप कोणता आहे आणि ऐकणाऱ्याने आधी काय ठरवून ठेवलंय यावर अवलंबून. डीडी हा निरोप ऐकतो, इतके बाइट उतरले, इतके सेकंद लागले, वेग इतका, असं छापतो आणि पुन्हा कामाला लागतो. (२०१५ पासून डीडीला सुरुवातीलाच प्रगती दाखवायला सांगायची सोय झाली आहे, त्यामुळे ही युक्ती मागे पडत चालली. आणि मॅकवर ती करून बघू नका. तिथल्या डीडीने यूएसआर-वनसाठी काही ठरवलेलं नसतं, त्यामुळे तो निमूट मरतो.)

डीडीच्या कोडमध्ये ‘आता सिग्नलचं काम करणारं फंक्शन बोलाव’ अशी ओळ कुठेच नाही. तो वाचन-लेखनाच्या फेऱ्यांत कुठल्या तरी एका सूचनेवर होता. तिथून त्याला कुणीतरी उचललं, दुसऱ्याच फंक्शनमध्ये नेऊन सोडलं आणि ते संपल्यावर मूळ जागी असं आणून ठेवलं की त्याला कळलंही नाही. पेनड्राइव्हवर एक बाइट इकडचा तिकडे झाला नाही. हे उचलणं आणि परत ठेवणं चालतं कसं?

आधी ‘मूळ जागा’ म्हणजे काय ते बघू. चालू प्रोग्रामची मेमरी त्याची स्वतःची असते, ती मध्येच कुठे जात नाही. प्रश्न असतो प्रोसेसरमधल्या रजिस्टरांचा. आपल्याकडच्या बहुतेक पीसींत, म्हणजे चौसष्ट बिटांच्या इंटेल-एएमडी घराण्यात, सोळा सर्वसाधारण रजिस्टरं असतात. पुढची सूचना कुठे आहे हे सांगणारा इन्स्ट्रक्शन पॉइंटर असतो. मागच्या बेरीज-वजाबाकीत शून्य आलं का, हातचा उरला का, असल्या खुणांचं फ्लॅग रजिस्टर असतं. शिवाय अपूर्णांकांच्या आणि एका दमात पुष्कळ आकडे हाताळणाऱ्या गणितासाठी मोठी वेगळी रजिस्टरं असतात. प्रोग्राम ‘कुठे आहे’ याचं पूर्ण उत्तर म्हणजे त्या क्षणी या सगळ्यांत असलेले आकडे.

हिमरूच्या मागावर बसलेल्या विणकराला मध्येच उठवून त्याच मागावर दुसरं काम काढायला लावलं, तर नक्षीची कितवी ओळ चालू होती एवढं लिहून भागणार नाही. धोटा डावीकडे होता की उजवीकडे, पायाखालची कुठली पट्टी दाबलेली होती, कुठल्या रंगाचा धागा अर्धवट निघाला होता, हे सगळं टिपावं लागेल. एक जरी गोष्ट चुकली तरी पुढची बुट्टी वाकडी येणार.

इथे कुणी म्हणेल, फंक्शन बोलावून परत येणं तर प्रोग्राम दर क्षणाला करतच असतो, मग यात विशेष ते काय? विशेष आहे. साध्या फंक्शन-कॉलमध्ये दोन्ही बाजूंचा करार असतो: अमुक रजिस्टरं बोलावलेल्याने जपायची, तमुक त्याने बिनधास्त वापरायची. कंपायलर हा करार पाळून कोड लिहितो. ज्या रजिस्टरांत गडबड होणार ती तो कॉलच्या आधीच रिकामी करून ठेवतो. सिग्नल येतो तेव्हा असा कॉल झालेलाच नसतो. दोन आकड्यांची बेरीज झाली, उत्तर रजिस्टरात आहे, मेमरीत अजून लिहिलेलं नाही, अशा नेमक्या फटीत तो येऊ शकतो. त्यामुळे कराराचा आधार नाही. प्रत्येक रजिस्टर जसंच्या तसं परत मिळायला हवं, फ्लॅगसुद्धा.

आता निरोपाचा प्रवास. किल ही आज्ञा कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे जाते. कर्नल आधी पाठवणाऱ्याला तसा अधिकार आहे का ते बघतो आणि डीडीच्या खात्यावर यूएसआर-वनच्या नावाची एक खूण करतो. खूण म्हणजे खरोखर एकच बिट. डीडीने दखल घ्यायच्या आत तुम्ही पाच वेळा किल मारलं तरी बिट एकच, दखलही एकदाच. डीडी झोपलेला असेल आणि ती झोप मोडता येण्यासारखी असेल, तर कर्नल त्याला उठवतो. तो दुसऱ्या कोअरवर पळत असेल तर त्या कोअरला हलकासा धक्का देऊन कर्नलमध्ये यायला लावतो. पण खूण झाली म्हणून हँडलर, म्हणजे सिग्नलचं काम करणारं ते फंक्शन, लगेच चालत नाही. तो चालतो फक्त एका ठरलेल्या क्षणी: कर्नलमधलं काम आटोपून नियंत्रण पुन्हा प्रोग्रामकडे जाणार, त्या उंबरठ्यावर.

हाच क्षण का, याचं कारण सोपं आहे. प्रोग्राम कर्नलमध्ये दोन वाटांनी येतो. एक, त्याने स्वतः सिस्टीम कॉल केला म्हणून (फाइल वाच, पाइपमध्ये लिही). दोन, टायमरसारख्या एखाद्या इंटरप्टने त्याला ओढून आणलं म्हणून. वाट कुठलीही असो, आत शिरताना त्याची रजिस्टरं कर्नलच्या स्वतःच्या स्टॅकवर ओळीने मांडून ठेवली जातात आणि बाहेर जाताना तिथूनच परत भरली जातात. म्हणजे उंबरठ्यावर उभं असताना प्रोग्रामची सगळी अवस्था कर्नलच्या हाताशी, लिहिलेल्या स्वरूपात असते. ती वाचता येते, आणि मुख्य म्हणजे बदलता येते.

कर्नल नेमकं तेच करतो. आधी तो बघतो, या सिग्नलसाठी प्रोग्रामने हँडलर नोंदवलाय का. नसेल तर ठरलेली कृती होते. यूएसआर-वनसाठी ती मृत्यूच आहे. म्हणून डीडी सुरू होऊन त्याने हँडलर नोंदवायच्या आत घाईने किल मारलं तर खेळ खलास. हँडलर असेल तर कर्नल प्रोग्रामच्याच स्टॅकवर, सध्याच्या टोकाच्या खाली, एक कप्पा बांधतो. त्याला सिग्नल-फ्रेम म्हणतात. टोकाला अगदी चिकटून मात्र नाही. या प्रोसेसरवरच्या नियमांप्रमाणे स्टॅकच्या टोकाखालचे १२८ बाइट फंक्शनला न विचारता वापरायची मुभा असते, म्हणून कर्नल तेवढी जागा सोडून खाली उतरतो. ही जागा सोडली नाही तर मूळ फंक्शनचे आकडे पुसले जातील, आणि तेही कधीतरीच, म्हणजे शोधायला सगळ्यात त्रासदायक प्रकारे.

फ्रेममध्ये पहिल्यांदा असतो एक परतीचा पत्ता. त्यानंतर सगळ्या सर्वसाधारण रजिस्टरांची नक्कल, इन्स्ट्रक्शन पॉइंटर आणि फ्लॅग धरून. मग त्या वेळी कुठले सिग्नल अडवून ठेवलेले होते त्याची यादी. मग सिग्नल कुणी, का पाठवला याची माहिती. आणि मोठ्या गणिती रजिस्टरांची नक्कल. ही शेवटची गोष्ट दिवसेंदिवस फुगत चालली आहे. एव्हीएक्स-५१२ असलेल्या प्रोसेसरवर ती एकटीच अडीच हजार बाइटांच्या पुढे जाते, आणि इंटेलच्या नव्या सर्व्हर प्रोसेसरांतल्या एएमएक्स टाइल्सना आणखी ८१९२ बाइट लागतात. हँडलरसाठी प्रोग्रामला वेगळा स्टॅकही देता येतो. त्याचं किमान माप म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांत छापलेला आकडा होता २०४८. आता त्यात नुसती फ्रेमही मावत नाही. ग्लिबसी या सी लायब्ररीच्या २०२१ च्या २.३४ आवृत्तीत शेवटी हा आकडा पक्का न ठेवता कर्नलला विचारून घ्यायची व्यवस्था झाली. अभ्यासक्रमातली जुनी उदाहरणं टंकून बघणाऱ्यांना ‘ॲरेचं माप स्थिर हवं’ अशी कंपायलरची तक्रार अचानक दिसू लागली, ती यामुळे.

फ्रेम लिहून झाली की कर्नल आपल्या स्टॅकवरच्या रजिस्टरांत फेरफार करतो. इन्स्ट्रक्शन पॉइंटरच्या जागी हँडलरचा पत्ता, स्टॅक पॉइंटरच्या जागी फ्रेमचा पत्ता, आणि हँडलरला द्यायचे घटक ज्या रजिस्टरांतून जातात त्यांत सिग्नलचा क्रमांक व फ्रेममधल्या माहितीचे पत्ते. हँडलर चालू असेपर्यंत तोच सिग्नल पुन्हा येऊ नये म्हणून त्याला अडवलेल्यांच्या यादीत टाकलं जातं. मग कर्नल नेहमीसारखा बाहेर पडतो. प्रोसेसरला वाटतं आपण प्रोग्रामकडे परत चाललोय, आणि पोचतो मात्र हँडलरच्या पहिल्या सूचनेवर.

ही नोंद कर्नलने आपल्याजवळ का ठेवली नाही? प्रोग्रामच्या स्टॅकवर, उघड्यावर, ज्यावर तो प्रोग्राम स्वतः काहीही लिहू शकतो अशा जागी का ठेवली? पहिलं कारण व्यवहाराचं आहे. बाहेर पडताना कर्नलचा स्टॅक रिकामा होतो. हँडलरने एखादा सिस्टीम कॉल केला की नवी मांडणी पुन्हा त्याच जागेपासून सुरू होते आणि जुनी पुसली जाते. दुसरं, त्यासाठी वेगळी वही ठेवावी, तर एका हँडलरमध्ये दुसरा सिग्नल, त्यात तिसरा, असं किती खोल जाईल याला मर्यादा नाही. प्रोग्रामच्या स्टॅकवर मात्र फ्रेमवर फ्रेम रचत जाता येते आणि उलट्या क्रमाने ती आपोआप उकलते. तिसरं कारण मला सगळ्यात पटतं: हँडलर परत येईलच याची खात्री काय? सी भाषेत लाँगजंप करून हँडलरमधून थेट दूरच्या फंक्शनमध्ये उडी मारता येते, आणि जुने शेल तसं सर्रास करत. कर्नलने वहीत नोंद ठेवली असती तर ती कधी खोडायची हे त्याला कळलंच नसतं. म्हणून युनिक्स घराण्याने ठरवलं: कर्नल काही लक्षात ठेवणार नाही. जे हवं ते कागदावर, आणि कागद ज्याचा त्याच्यापाशी.

आता परतीचा प्रवास. हँडलर हे साधं फंक्शन आहे. आपल्याला कर्नलने आणून सोडलंय हे त्याला माहीत नसतं. ते संपतं, स्टॅकच्या टोकावरचा पत्ता उचलतं आणि तिकडे जातं. तो पत्ता म्हणजे फ्रेममधली पहिली नोंद. तिथे सी लायब्ररीने ठेवलेला नऊ बाइटांचा एक इवलासा तुकडा असतो. त्यात दोनच सूचना: एका रजिस्टरात १५ हा आकडा भर, आणि सिस्टीम कॉल कर. पंधरावा सिस्टीम कॉल म्हणजे आरटी-सिगरिटर्न.

कर्नल आत येतो, स्टॅक पॉइंटरवरून फ्रेम कुठे असणार ते काढतो आणि तिच्यातले आकडे आपल्या स्टॅकवरच्या रजिस्टरांत ओततो. अडवलेल्या सिग्नलांची जुनी यादी परत लागू करतो, गणिती रजिस्टरं भरतो आणि बाहेर पडतो. बाहेर पडल्यावर प्रोग्राम त्या नऊ बाइटांनंतरच्या सूचनेवर येत नाही. तो येतो सिग्नल आला तेव्हाच्या सूचनेवर. सिगरिटर्न हा बोलावणाऱ्याकडे कधीच परत न येणारा सिस्टीम कॉल आहे, हे त्याच्या मॅन्युअलच्या पानावरही लिहिलेलं असतं.

इथे एक बारकावा आहे. नेहमीच्या सिस्टीम कॉलमधून बाहेर यायची जलद वाट दोन रजिस्टरांचा बळी घेते. एकात परतीचा पत्ता असतो, दुसऱ्यात फ्लॅग. साध्या कॉलला हे चालतं, कारण करारातच तसं आहे. सिग्नलमुळे मध्येच तुटलेल्या प्रोग्रामला ती दोन रजिस्टरंही जशीच्या तशी हवीत. म्हणून सिगरिटर्ननंतर कर्नल बहुधा संथ वाटेने, इंटरप्टमधून परतायच्या ‘आयरेट’ या सूचनेने बाहेर पडतो. वेळ थोडा जास्त जातो, पण काही हरवत नाही.

या नऊ बाइटांच्या जागेलाही इतिहास आहे. बत्तीस बिटांच्या जुन्या लिनक्समध्ये कर्नल हा तुकडा प्रत्येक वेळी स्टॅकवरच लिहायचा आणि तो तिथूनच चालायचा. पुढे स्टॅकवरचा कोड चालूच द्यायचा नाही असं सुरक्षेसाठी ठरलं, तेव्हा तो तुकडा लायब्ररीत किंवा कर्नलने प्रत्येक प्रोग्रामला जोडलेल्या व्हीडीएसओ या छोट्या पानात हलला. मोबाइलमधल्या एआरएम प्रोसेसरवर लिनक्स व्हीडीएसओची वाट वापरतं. गंमत अशी की बत्तीस बिटांच्या लिनक्समध्ये कर्नल ते जुने बाइट आजही स्टॅकवर लिहितो. ते कधीच चालत नाहीत. पण जीडीबी हा डीबगर ते बाइट बघून ‘ही सिग्नलची फ्रेम आहे’ हे ओळखतो. कोडमध्येच टीप आहे की हे आता वापरात नाही, जीडीबीसाठी ठेवलंय. पाडलेल्या वाड्याची चौकट पोस्टमनला पत्ता सापडावा म्हणून उभी ठेवण्यातला हा प्रकार, आणि सॉफ्टवेअरमध्ये असं बरंच काही उभं असतं.

आतापर्यंत धरून चाललो की प्रोग्राम आपलं आपलं गणित करत होता. तो सिस्टीम कॉलच्या मध्ये असेल तर प्रकरण अधिक रंगतदार होतं.

पेनड्राइव्हवर फाइल उतरवताना डीडी बहुतेक वेळ लिहिण्याच्या कॉलमध्ये असतो. हे लिहिणं सिग्नलमुळे तुटत नाही. हातातला तुकडा संपतो आणि मग उंबरठ्यावर सिग्नलची दखल घेतली जाते. म्हणूनच रडक्या पेनड्राइव्हवर किल मारल्यावर आकडे यायला कधी कधी काही सेकंद लागतात. काही प्रतीक्षा तर इतक्या पक्क्या असतात (पीएसच्या यादीत त्या ‘डी’ या अक्षराने दिसतात) की सगळ्यात जालीम नऊ नंबरचा सिग्नलही दाराबाहेर ताटकळतो. पोरं वैतागून पेनड्राइव्ह उपटतात ती याच वेळी.

पण लिनक्सची ती फाइल एक्सझेडमध्ये दाबलेली असेल आणि ती उकलून पाइपमधून डीडीकडे येत असेल, तर डीडी पाइपवर वाचत बसलेला असतो. पलीकडून काही येईपर्यंत तो झोपलेला असतो, आणि ही झोप मोडता येते. सिग्नल आला की कर्नल त्याला उठवतो. आता अर्धवट राहिलेल्या त्या वाचनाचं काय? काही बाइट हाती आले असतील तर प्रश्न नाही, तेवढे मिळाले असं सांगून कॉल संपतो. काहीच आलं नसेल तर दोन रस्ते आहेत: कॉल नव्याने सुरू करायचा, किंवा ‘मध्ये व्यत्यय आला’ अशी चूक परत करायची. या चुकेचं नाव ईइंटर.

नव्याने सुरू करायची युक्ती बघण्यासारखी आहे. कर्नलच्या आत वाचनाचा कॉल ५१२ क्रमांकाची एक खासगी चूक परत करतो. ती प्रोग्रामपर्यंत कधी पोचू द्यायची नाही असा नियम आहे. फ्रेम बांधण्याआधी कर्नल ही चूक बघतो आणि साठवलेला इन्स्ट्रक्शन पॉइंटर दोन बाइट मागे सरकवतो. दोनच का? कारण सिस्टीम कॉलची सूचना दोन बाइटांची आहे. कॉलचा क्रमांक असलेलं रजिस्टरही तो पूर्ववत करतो. मग हँडलर चालतो, सिगरिटर्न होतो, प्रोग्राम दोन बाइट मागे येतो आणि तीच सूचना पुन्हा करतो. त्याच्या दृष्टीने वाचनाचा कॉल एकदाच झाला, फक्त जरा उशीर लागला.

या दोन रस्त्यांवरून झालेला वाद संगणकाच्या इतिहासात गाजलेला आहे. रिचर्ड गेब्रिएल यांच्या १९९१ साली छापून आलेल्या लेखात एमआयटीचा एक माणूस आणि बर्कलीचा, युनिक्सवर काम करणारा एक माणूस याच प्रश्नावर बोलतात. एमआयटीच्या आयटीएस या प्रणालीत कर्नल कॉल अलगद मागे घ्यायचा आणि पॉइंटर पुन्हा कॉलवर आणून ठेवायचा. वापरणाऱ्याला काही करावं लागत नसे, पण कर्नल लिहिणाऱ्याचा जीव जायचा. युनिक्सने सरळ चूक परत केली: प्रोग्राम लिहिणाऱ्याने तपासावी आणि हवं तर पुन्हा कॉल करावा. कर्नल सोपा राहिला, ओझं प्रोग्राम लिहिणाऱ्यावर गेलं. गेब्रिएलचं म्हणणं असं की हे निकृष्ट वाटणारं उत्तरच जगभर पसरलं, कारण ते सोपं होतं. ते खरंच. पण लेख उद्धृत करणारे पुढची गोष्ट सहसा सांगत नाहीत. १९८३ च्या ४.२ बीएसडीतच कॉल आपोआप पुन्हा सुरू करायची सोय आली होती. आज लिनक्समध्ये हँडलर नोंदवताना एसए-रिस्टार्ट हा झेंडा लावला की तसंच होतं. वाद सुटला तो दोन्ही उत्तरं ठेवून.

आणि दोन्ही ठेवायला कारणही आहे. डीडीच्या लेखकांनी हा झेंडा मुद्दाम लावलेला नाही, आणि तसं टिपेत लिहून ठेवलंय. झेंडा लावला असता तर पाइप कोरडा असताना हँडलर संपून डीडी पुन्हा वाचनात झोपी गेला असता आणि आकडे छापायची पाळीच आली नसती. ईइंटर मिळाल्यामुळे तो जागा होतो, आकडे छापतो आणि मग स्वतः पुन्हा वाचायला बसतो. काही कॉल तर झेंडा असूनही आपोआप सुरू होत नाहीत. वाळूजच्या एखाद्या कारखान्यात दर दहा सेकंदांनी तापमान टिपणारा प्रोग्राम आहे असं धरा. सातव्या सेकंदाला सिग्नल आला आणि हँडलर चालला, तर झोप तिथेच मोडते. तीन सेकंद उरलेत हे कर्नल सांगतो. पुन्हा झोपायचं का ते प्रोग्रामने ठरवायचं. दहाच्या दहा सेकंद पुन्हा झोपवलं तर दर सिग्नलगणिक घड्याळ मागे पडेल.

आकडे छापायची पाळी असं मी म्हटलं, कारण डीडी हँडलरमध्ये काहीच छापत नाही. त्याचा हँडलर एका चलाची किंमत एकने वाढवतो आणि संपतो. मुख्य फेरी ते चल बघून छापते. रजिस्टरं सगळी परत मिळतात, पण मेमरीची नक्कल कुणी करत नाही. प्रोग्राम मेमरी वाटप करणाऱ्या मॅलॉकच्या मध्यावर, यादीचे दुवे अर्धे जोडलेल्या अवस्थेत असताना सिग्नल आला आणि हँडलरनेही मॅलॉक वापरलं, तर ते त्या अर्ध्या यादीवर चालतं. छापणारं प्रिंटएफ मॅलॉक वापरू शकतं आणि कुलपंही लावतं. म्हणून हँडलरमध्ये करता येण्यासारख्या फंक्शनांची यादी छोटी आहे आणि प्रिंटएफ तिच्यात नाही. परीक्षेतल्या उत्तरांत मात्र हँडलरमध्ये प्रिंटएफ हमखास असतं, आणि त्याला गुणही मिळतात.

हा नियम मोडल्याची किंमत १ जुलै २०२४ ला सगळ्यांनी पाहिली. सर्व्हरवर दुरून शिरण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपन-एसएसएचमध्ये क्वालिस या कंपनीने एक भोक उघड केलं. ठरलेल्या वेळेत, मुळात १२० सेकंदांत, ओळख पटवली नाही तर गजराचा सिग्नल येतो. त्याचा हँडलर नोंदवहीत लिहिण्यासाठी सिसलॉगला बोलावत होता, आणि ग्लिबसीचं सिसलॉग आतून मेमरी मागतं. नेमकी वेळ साधली तर मूळ प्रोग्राम मेमरीची यादी जोडत असतानाच हँडलर तिच्यात हात घालतो. हीच चूक २००६ मध्ये सापडून दुरुस्त झाली होती. २०२० च्या एका बदलात ती दुरुस्ती चुकून निघून गेली.

कागद ज्याचा त्याच्यापाशी ठेवण्याची किंमत वेगळी. कर्नल काही लक्षात ठेवत नाही, म्हणजे सिगरिटर्न झाला तेव्हा खरंच सिग्नल आला होता का, हेही त्याला माहीत नसतं. स्टॅकवर फ्रेमसारखं काही दिसलं की तो ती खरी मानतो. ॲमस्टरडॅमच्या व्रिय विद्यापीठातले एरिक बॉस्मन आणि हर्बर्ट बॉस यांनी २०१४ मध्ये दाखवलं की हल्लेखोराला स्टॅकवर लिहायची संधी मिळाली तर तो खोटी फ्रेम लिहून सिगरिटर्न करवू शकतो, आणि एका फटक्यात सगळी रजिस्टरं हवी तशी भरून घेऊ शकतो. कर्नल फ्लॅग तपासतो, विशेषाधिकार वाढू देत नाही, पण प्रोग्रामच्या मर्यादेत सगळं मोकळं. ओपनबीएसडीने २०१६ मध्ये फ्रेममध्ये एक गुप्त आकडा टाकायला आणि ठरलेल्या जागेवरून आलेलाच सिगरिटर्न मानायला सुरुवात केली. लिनक्ससाठी तसे प्रस्ताव आले, ते मुख्य कर्नलमध्ये घेतले गेले नाहीत. २०२३ च्या ६.६ आवृत्तीत मात्र इंटेल-एएमडीच्या शॅडो स्टॅकला आधार आला. प्रोग्रामला थेट लिहिता न येणाऱ्या त्या दुसऱ्या स्टॅकवर कर्नल सिग्नलच्या वेळी एक खूण ठेवतो आणि परतताना ती पडताळतो.

हाच मोकळेपणा दुसरीकडे कामाला येतो. फ्रेम बदलता येते, म्हणजे प्रोग्रामला परत कुठे न्यायचं हे हँडलर ठरवू शकतो. मेमरीच्या चुकीच्या पत्त्यावर हात घातला की येणारा सेगव्ही सिग्नल घ्या. हँडलर काही न करता परतला तर प्रोग्राम त्याच सूचनेवर येतो, तीच चूक पुन्हा करतो, पुन्हा सिग्नल, असं अंतहीन चालतं. जावाचं व्हर्च्युअल मशीन फ्रेममधला पॉइंटर बदलून टाकतं आणि प्रोग्राम उतरतो तो ‘नल पॉइंटर’चा अपवाद फेकणाऱ्या कोडवर. त्यामुळे जावाला दर वापराआधी पत्ता रिकामा आहे का हे तपासत बसावं लागत नाही. गो भाषेने २०२० च्या १.१४ आवृत्तीपासून लांबलेल्या फेऱ्या थांबवायला यूर्ग हा फारसा कुणी न वापरणारा सिग्नल धरला. हँडलर फ्रेममध्ये असा फेरफार करतो की प्रोग्रामला वाटावं, आपणच इथे थांबण्याचं फंक्शन बोलावलं होतं.

हे सगळं स्वतः पाहायचं असेल तर प्रयोगशाळेतल्या त्याच डीडीला सिस्टीम कॉल आणि सिग्नल टिपून दाखवणारा एस-ट्रेस हा प्रोग्राम जोडा आणि बाजूच्या टर्मिनलमधून यूएसआर-वन मारा. चार-चार एमबीच्या तुकड्यांनी लिहिणं चालू असेल तर लिहिण्याच्या कॉलची ओळ दिसेल, शेवटी ४१९४३०४ हे उत्तर. मग दोन्ही बाजूंना आडव्या रेघा असलेली सिग्नलची ओळ, पाठवणाऱ्याच्या प्रोसेस क्रमांकासकट. आणि मग आरटी-सिगरिटर्न, त्याच्यापुढे पुन्हा ४१९४३०४. कधीच परत न येणाऱ्या कॉलचं हे उत्तर कुठून आलं, असं नवख्याला वाटतं. ते सिगरिटर्नचं नाहीच. लिहिण्याच्या कॉलचं उत्तर ज्या रजिस्टरात येऊन पडलं होतं, ते रजिस्टर फ्रेममधून परत भरलं गेलं, आणि एस-ट्रेसने तिथे डोकावून जो आकडा दिसला तो छापला. पाइपवर वाचत असताना सिग्नल मारलात तर त्याच जागी ईइंटर दिसेल.